‘वाईट वाटते’ म्हणजे नेमके काय? मानसशास्त्राच्या पदवीविषयी वाचकांची पत्रे

मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील बहुतेकांचा रोख एकाच बाजूला आहे : भावना आणि मानसिक आरोग्य यांविषयी या पदवीत प्रत्यक्ष काय शिकायला मिळते, आणि जे शिकायला मिळेल असे वाटले होते ते का मिळत नाही. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे गाळून त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : शाळेपासून मैत्रिणी आपली दुःखे माझ्यापाशी बोलून दाखवतात, म्हणून मी मानसशास्त्र निवडले. पहिले सत्र संपले. त्यात मेंदूचे भाग, मध्यमान, प्रमाण विचलन आणि संशोधनपद्धती एवढेच झाले. भावना कधी शिकवणार? – प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : ही तक्रार मी दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी ती मला रास्त वाटते, कारण अभ्यासाचा क्रम असा का लावला आहे हे पहिल्या वर्षाच्या मुलांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. भावनांचा पाठ आधी घेतला तर वर्गाला गोडी लागते हे खरे. पण मग जो तो आपापला अनुभव सांगू लागतो आणि तो अनुभव पारखून घेण्याचे साधन कोणाच्याच हाती नसते.

एक साधा हिशेब करून पाहा. नैराश्याची प्राथमिक चाळणी करण्यासाठी अनेक देशांत वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ३ गुण आहेत, आणि २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर पुढील तपासणी करावी असा संकेत आहे. या सीमारेषेवर मूळ अभ्यासात प्रश्नावलीने तीव्र नैराश्याचा विकार असलेल्यांपैकी शेकडा ८८ जणांना बरोबर हेरले आणि तो नसलेल्यांपैकी शेकडा ८८ जणांना बरोबर वगळले. ऐकायला हे उत्तमच वाटते. आता समजा, १,००० जणांनी ती भरली आणि त्यांतील ५० जणांना खरोखर हा विकार आहे. त्या ५० पैकी ४४ जण सापडतील. उरलेल्या ९५० पैकी शेकडा १२, म्हणजे ११४ जण, विकार नसतानाही रेषेच्या वर जातील. रेषेच्या वर गेलेल्या एकूण १५८ जणांत खरोखर विकार असलेले ४४, म्हणजे शेकडा अठ्ठावीसच्या आसपास भरतात. ज्याने संख्याशास्त्राचे तास कंटाळून काढले आहेत, तो उरलेल्या ११४ जणांनाही ‘तुम्हाला नैराश्य आहे’ असे सांगून मोकळा होईल, आणि तेही अगदी मनापासून, मदत करण्याच्या इच्छेने.

दुसरी अडचण शब्दांची आहे, आणि ती मला आकड्यांहूनही महत्त्वाची वाटते. परीक्षेत गुण कमी पडले की आपण म्हणतो, वाईट वाटले. मित्राला टाकून बोललो, वाईट वाटले. त्याने चारचौघांत अपमान केला, वाईट वाटले. ओळखीच्या घरातले मूल आजारी पडले, वाईट वाटले. या एकाच क्रियापदाखाली निराशा, अपराधीपण, दुखावले जाणे आणि कणव अशा चार भावना नांदतात; प्रत्येकीचे कारण निराळे आणि तिच्यापोटी माणूस जे करतो तेही निराळे. अपराधी वाटले तर तो क्षमा मागायला जातो, अपमानाने दुखावला तर बोलणे टाकतो. दुसऱ्या भाषेत तयार झालेल्या प्रश्नावलीचे भाषांतर करताना ‘तुम्हाला वाईट वाटते का?’ असा प्रश्न लिहिला, तर उत्तर देणारा यांपैकी कशाविषयी बोलत आहे हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषांतरकाराकडून पुन्हा मूळ भाषेत उतरवून घेतात, दोन्ही पाठ ताडून पाहतात, आणि नव्या भाषिक गटात तिची विश्वसनीयता (पुन्हा मोजले तरी निकाल तसाच येतो का) व सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाते का) नव्याने तपासतात. तुम्ही घोकलेल्या या दोन रुक्ष शब्दांचे काम ते हेच.

मैत्रिणी तुमच्यापाशी बोलतात हा तुमचा गुण आहे आणि तो पुढे उपयोगी पडेल. पुढच्या वेळी त्यांतली एखादी ‘वाईट वाटते’ म्हणाली, तर लगेच धीर देण्याऐवजी ‘म्हणजे कसे?’ एवढेच विचारून पाहा. भावनांचा अभ्यास तेथे सुरू होतो.

प्रश्न : भावनांवरील प्रकरणात चार सिद्धांत आहेत आणि प्रत्येक जण आधीच्याला खोडून काढतो. यांतला खरा कोणता? परीक्षेत कोणता लिहायचा? – द्वितीय वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : परीक्षेचे सोपे आहे : चारही लिहायचे आणि कोणत्या पुराव्यावर कोणाची बाजू लंगडी पडते ते दाखवायचे. खऱ्याखोट्याचा प्रश्न मात्र थोडा वेळ घेऊन समजून घेण्यासारखा आहे.

विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये असे मांडले की, आपण घाबरतो म्हणून छाती धडधडते ही आपली समजूत उलटी आहे. शरीरात बदल होतात आणि त्या बदलांची जाणीव म्हणजेच भावना. दुसऱ्याच वर्षी कार्ल लांगे यांनी स्वतंत्रपणे जवळपास तेच म्हटले, म्हणून पुस्तकात दोघांचे नाव जोडून येते. १९२७ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी याला जे आक्षेप घेतले ते आजही वाचावेत असे आहेत : आंतरिक अवयवांतले बदल संथ असतात, भावना मात्र झटकन येते, भीतीत आणि रागात शरीरातले बदल पुष्कळसे सारखेच असतात, आणि अॅड्रेनॅलिन टोचून ते बदल घडवून आणले, तरी तेवढ्याने खरी भावना उत्पन्न होत नाही. १९६२ मध्ये स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांनी दोन्ही बाजूंना सांधणारा प्रयोग केला. जीवनसत्त्व असल्याचे सांगून त्यांनी काही जणांना अॅड्रेनॅलिन टोचले आणि नंतर त्यांना आनंदाने बागडणाऱ्या किंवा संतापलेल्या सोबत्याजवळ बसवले. तो सोबती अर्थातच प्रयोगकर्त्यांचा माणूस होता. आपल्या धडधडीचे खरे कारण ज्यांना माहीत नव्हते, त्यांनी तिचा अर्थ सोबत्याकडे पाहून लावला, असा त्यांचा निष्कर्ष. प्रयोग गाजला, पण १९७९ मध्ये इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा निकाल तसे आले नाहीत, हे तुमच्या पुस्तकात बहुधा तळटीपेत असेल. ती तळटीप वाचा.

माझ्या वर्गात मी एक छोटी गोष्ट करतो. दहा मिनिटांनी एकाला फळ्यासमोर बोलावून तोंडी प्रश्न विचारणार असे जाहीर करतो आणि सर्वांना मनगटावर बोट ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजायला लावतो. मग कागदावर, नाव न घालता, आत्ता काय वाटते ते एका शब्दात लिहायला सांगतो. एका वर्षी आलेल्या चिठ्ठ्यांत ‘भीती’ होती, ‘उत्सुकता’ होती, ‘राग’ होता, ‘धास्ती’ होती, आणि एकावर ‘भूक’ असेही लिहिले होते. त्याच मुलांची नाडी आधी शांतपणे बसले असताना मोजलेली होती आणि जवळजवळ सर्वांचीच आता वाढली होती. शरीर एकाच दिशेने गेले, शब्द पाच दिशांना पांगले. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी लगेच सांगतो. पण कॅनन कशावर बोट ठेवत होते ते त्या चिठ्ठ्या वाचून कळते. (पहिल्या वर्षी हे मी न सांगता केले आणि एक मुलगी रडवेली झाली. तेव्हापासून आधी संमती घेतो, ज्यांना नको असेल त्यांना निरीक्षक करतो, आणि शेवटी तोंडी परीक्षा नाही हे सांगायला विसरत नाही. संशोधनातील नीतिनियमांचे प्रकरण मला त्या दिवशी नीट समजले.)

वाद अजून मिटलेला नाही. पॉल एकमन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये काम करून आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य यांचे चेहऱ्यावरील आविष्कार सर्वत्र ओळखले जातात असा दावा केला. लिसा फेल्डमन बॅरेट यांचे म्हणणे असे की, भावना तयार साच्यातून निघत नाहीत. शरीराकडून येणाऱ्या संवेदनांचा अर्थ मेंदू पूर्वानुभवाच्या आणि शिकलेल्या संकल्पनांच्या आधारे लावतो आणि त्यातून त्या घडतात. माझा कल अलीकडे दुसऱ्या बाजूला आहे, पण तो कल आहे, निकाल नव्हे. तुम्हीही उत्तरपत्रिकेत आपला कल लिहायला हरकत नाही. मात्र त्यामागचे कारण लिहा.

प्रश्न : अपसामान्य मानसशास्त्राचे पुस्तक उघडल्यापासून माझी झोप उडाली आहे. प्रत्येक विकाराची लक्षणे वाचताना ती माझ्यातच दिसतात. – तृतीय वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे असे होते हे फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि आपल्या विषयात ते अधिक सहज होते, कारण येथील बहुतेक लक्षणे म्हणजे रोजच्या अनुभवांचीच वाढलेली रूपे आहेत. झोप न लागणे, लक्ष न लागणे, थकवा, स्वतःला कमी लेखणे यांतले काहीच अनुभवले नाही असा माणूस सापडणार नाही. विकार ठरवताना लक्षण आहे की नाही एवढेच पाहत नाहीत. ते किती तीव्र आहे, किती काळ टिकले आहे आणि त्यामुळे अभ्यास, काम, नाती यांत किती अडथळा येतो हेही पाहतात. लक्षणांची यादी वाचताना हे शेवटचे तीन मुद्दे डोळ्यांआड होतात, आणि घोटाळा तेथेच होतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला दिलासा देईल, कदाचित थोडे अस्वस्थही करील. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत, जिची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली, तीव्र नैराश्याच्या निदानासाठी नऊपैकी निदान पाच लक्षणे दोन आठवडे असावी लागतात, आणि त्यांत खिन्न मनःस्थिती किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी असावे लागते. कागदावर मांडून पाहिले तर ही अट २२७ प्रकारे पूर्ण होऊ शकते. दोन माणसांचे निदान एकच, पण दोघांत समान लक्षण एकच, असेही होऊ शकते. म्हणजे ‘नैराश्य’ हे नाव गोवर किंवा हिवताप यांच्यासारखे एका कारणाला चिकटलेले नाही. तो तज्ज्ञांनी एकमताने आखलेला परीघ आहे आणि तो बदलतो. समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढण्याचा निर्णय याच संघटनेने १९७३ मध्ये घेतला. त्या निर्णयाच्या आदल्या दिवशी ज्यांच्यावर शिक्का होता, त्यांच्या मनात दुसऱ्या दिवशी काहीच बदललेले नव्हते. हा इतिहास शिकवताना मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो आणि त्यामुळे अभ्यासक्रम मागे पडतो, याचा मला खेद नाही.

हे सर्व वाचूनही झोप परतली नाही आणि दोन आठवड्यांवर गेले, तर पुस्तक मिटून महाविद्यालयाच्या समुपदेशकांना भेटा. ‘हा नुसता अभ्यासाचा परिणाम असेल’ हे ठरवण्याचे काम तुमचे नाही.

प्रश्न : मुलगी ही पदवी घेऊन मनाचे आजार बरे करणारी होईल का? – एक पालक

उत्तर : केवळ पदवीवर नाही. औषधे देणारे मनोविकारतज्ज्ञ हे आधी वैद्यकाचे पदवीधर असतात. मनोचिकित्सा करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना पदवीनंतर पुढील शिक्षण, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि बहुतेक ठिकाणी नोंदणी लागते. पदवी हा त्या वाटेचा पाया आहे. पुष्कळ जण त्या वाटेने न जाता शिक्षण, मनुष्यबळ, संशोधन, समाजकार्य अशा क्षेत्रांत जातात आणि तेथे चांगले काम करतात. तेव्हा मुलीला वाट आताच ठरवायला लावू नका.

प्रश्न : मी विद्यार्थी नाही, पण एक शंका आहे. राग मनात दाबून ठेवावा की उशी बडवून काढून टाकावा? – एक वाचक

उत्तर : दोन्ही नको. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात, ज्याने चिडवले त्याचा विचार करत ठोशांच्या पिशवीवर राग काढणाऱ्यांचा राग कमी झाला नाही. नुसते शांत बसलेल्यांपेक्षा ते अधिक चिडलेले आणि आक्रमक राहिले. दाबण्याचेही फार कौतुक नको. जेम्स ग्रॉस यांच्या १९९८ मधील प्रयोगात घृणास्पद चित्रफीत पाहताना ज्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, त्यांना आतून वाटणारी किळस कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. ज्यांनी त्या दृश्याकडे तटस्थपणे, तांत्रिक नजरेने पाहण्याचा प्रयत्न केला त्यांना मात्र किळस कमी वाटली. घटनेचा अर्थ नव्याने लावून पाहणे, याला भावनांच्या नियमनात बरेच वरचे स्थान आहे. मात्र ज्याच्यावर खरोखर अन्याय होत आहे, त्याला ‘दृष्टिकोन बदल’ असे सांगणे हा या संशोधनाचा दुरुपयोग होय. तेथे राग बरोबर असतो आणि बदलायची असते ती परिस्थिती.

प्रश्न : मानसशास्त्र शिकतो म्हटल्यावर सगळे आपापल्या अडचणी घेऊन येतात. प्रात्यक्षिकासाठी एका मित्राकडून प्रश्नावली भरून घेतली, तर शेवटच्या प्रश्नाला, ‘जगण्यापेक्षा मेलेले बरे’ असे विचार येतात का या अर्थाच्या, त्याने ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर दिले. मी घाबरून विषय बदलला. आता काय करू? – तृतीय वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : आजच त्याला भेटा, हे पत्र छापून येण्याची वाट तुम्ही पाहिली नसेल, अशी आशा आहे. म्हणूनच तुम्ही दिलेल्या पत्त्यावर मी लगेच स्वतंत्र उत्तर पाठवले होते. येथे ते इतरांसाठी देत आहे.

विषय बदलल्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. पण तो पुन्हा काढा, आणि आडवळणाने नव्हे. ‘त्या दिवशी तू जे उत्तर दिलेस ते माझ्या मनात राहिले आहे. जीव द्यावा असे तुला वाटते का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत सर्वत्र आहे, परंतु संशोधनात तिला आधार मिळालेला नाही. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर ऐकून घ्या. ‘असे बोलू नये’, ‘तुला काय कमी आहे’ ही वाक्ये गिळून टाका. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही, हे त्याला आधीच सांगा. कसे करायचे याचा विचार त्याने केला आहे आणि ते साधन त्याच्या हाताशी आहे असे कळले, तर त्याला एकटे सोडू नका, ते साधन शक्य तेवढे दूर करा, आणि घरच्यांना किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जा. तितके तातडीचे वाटले नाही, तरी एक-दोन दिवसांत समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे त्याच्यासोबत जा. नुसता पत्ता लिहून देणे पुरत नाही, कारण या मनःस्थितीत दूरध्वनी करून वेळ घेणे हेच माणसाला डोंगराएवढे वाटते.

तुमच्या शिक्षकांनाही ही गोष्ट सांगा, आणि मित्राचे नाव त्याला विचारल्याशिवाय सांगू नका. ज्या प्रश्नावलीत हा प्रश्न आहे ती, होकार आल्यास पुढे काय करायचे हे न सांगता मुलांच्या हाती देणे, ही चूक तुमची नाही, ती प्रात्यक्षिक घेणाऱ्याची आहे. आमच्या विभागात आता अशा प्रश्नावल्या मुले एकमेकांकडून भरून घेत नाहीत. गुणदान शिकण्यासाठी आम्ही काल्पनिक उत्तरे भरलेले कागद देतो, आणि मुले त्यांवर नऊ ओळींची बेरीज करताना शेवटच्या ओळीशी एकदा थांबतात.